काळा सुळा

मेणताईचं खरं नाव लॅबमध्ये कुणी घेत नसे. डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची, त्यांवरून प्लास्टरचे साचे बनायचे आणि त्या साच्यांवर मेणाचे दात कोरायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून ती मेणताई. जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत भट्टी आणि पॉलिशचं चाक, बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल. कामाला माणसं तिघंच. एक मालक, ज्यांनी तिला हाताला धरून हे काम शिकवलं आणि ज्यांचे स्वतःचे हात आता थरथरायला लागले होते. दुसरी ती. आणि तिसरी पॉलिश करणारी चिमणी. तिला चिमणी का म्हणायचे ते वेगळं सांगायला नको. चाक सुरू असलं तरी हिची चिवचिव त्याच्या वरताण. घरमालक, शेजारीण, आईचं दुखणं, बहिणीची नणंद, सगळं सगळ्यांना ठाऊक.

मेणताई त्याउलट. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दाढ काढल्यासारखं, असं चिमणी म्हणायची. घरीही बोलायला फारसं कुणी नव्हतं. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आला की झोपायचा, उठला की निघायचा. मुलगी शिकायला परगावी. राहता राहिल्या सासूबाई. आणि या दोघींमध्ये सून-सासू म्हणून जे काही बोलणं व्हायचं ते आधी दूध आणि औषधांपुरतंच होतं. ते वाढलं ‘धुकेदरी’मुळे.

‘धुकेदरी’ ही टीव्हीवरची मालिका. डोंगरातलं एक राज्य, त्याच्या तळाशी कायम धुक्यानं भरलेली दरी, त्या दरीत कुणीतरी जुनं, भुकेलं राहतं आणि वर पुलावर एक राखणदार पहारा देतो. राखणदारानं तरुणपणी आपला एक दात चेटकिणीला देऊन त्या बदल्यात स्वतःच्या मुलीचा जीव वाचवलेला असतो. दाताच्या जागी चेटकिणीनं बसवलेला काळ्या दगडाचा सुळा. तो फार कमी हसायचा, पण हसला की तो काळा सुळा चमकायचा आणि मेणताईची नजर तिथंच खिळायची. कामामुळे असेल. दुसऱ्या बायका नटाचे डोळे बघतात, ही दात बघायची.

रविवारी दुपारी भांडी आवरून दोघी बसायच्या. सासूबाईंना निम्म्या गोष्टी कळायच्या नाहीत. “ही राणी आधी मेली नव्हती का?” “आई, ती तिची जुळी बहीण.” “मग दोघींना एकच अंगरखा कशाला दिलाय?” असं चालायचं. पण एकही भाग त्या चुकवायच्या नाहीत.

मालिकेच्या त्या मोसमाच्या, म्हणजे त्या पर्वाच्या, शेवटच्या भागात राखणदार पुलाच्या मध्यावर उभा राहिला, पलीकडून सैन्य येत असताना त्यानं स्वतःच दोरखंड कापले आणि पुलासकट तो धुक्यात गेला. वरून मुलगी किंचाळली. धुकं मिटलं. भाग संपला.

“गेला बिचारा,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कवळी सारखी केली. ती कवळी मेणताईनंच केलेली.

“पडताना दाखवलाय, आई. मेलेला नाही दाखवला.”

“अगं, एवढ्या उंचावरून पडला की माणूस मरतो. त्यात दाखवायचं काय?”

सासूबाईंपुरता विषय संपला. मेणताईचा तिथून सुरू झाला.

मालिकेच्या चाहत्यांचा फोनवर एक मोठा गट होता, ‘धुक्याचा कट्टा’ नावाचा. मेणताई त्यात होती हे घरीदारी कुणालाच माहीत नव्हतं. तिथं तिनं नाव घेतलं होतं ‘दरीतली’. पुढचा मोसम यायला बराच अवकाश होता आणि तेवढा काळ कट्ट्यावर एकच चर्चा, राखणदार मेला की जगला. कुणी म्हणे त्याला धुक्यातल्या भुकेल्यानं झेललं. कुणी म्हणे नटाचा करारच संपलाय. कुणी त्याच्या अंगरख्याच्या रंगावरून अनुमान काढी. मेणताईनं तो प्रसंग इतक्यांदा थांबवून थांबवून पाहिला, की पुलाच्या फळ्या तिला पाठ झाल्या. आणि तिला एक गोष्ट दिसली. सगळे दोरखंड कापताना राखणदार एक दोर मनगटाला गुंडाळून घेतो. कापायचंच होतं तर गुंडाळला कशाला? तिनं सगळं धाडस गोळा करून हे कट्ट्यावर लिहिलं.

कट्ट्यावर एकजण होता, त्याला सगळे पंडित म्हणायचे. शेवटचा शब्द नेहमी त्याचा. त्यानं उत्तर दिलं, “काकू, दोर तोल जाऊ नये म्हणून धरलाय. तुम्ही आपली भाजी निवडा.”

काकू! आपलं वय तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. लिहिण्याच्या धाटणीवरून त्यानं ओळखलं असणार. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मेणताई स्वयंपाकघरात उभी होती आणि योगायोग असा, की समोर खरोखरच भाजी निवडायला काढलेली होती. तिनं फोन पालथा ठेवला. तिथं नाव नाही, चेहरा नाही, कोण कुठला तो पंडित, तरी तिला भर रस्त्यात कुणी चापट मारल्यासारखं झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लॅबला नेहमी काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. एरवी त्यांचं काम चिठ्ठीसोबत यायचं. या वेळी त्यांनी माप स्वतःच्या पर्समधून काढलं, मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि दार लोटून घेतलं.

“नाव लिहिलेलं नाही आणि विचारूही नका. खऱ्या दातावर बसेल असं टोपण हवंय. वरचा डावा सुळा. काळा. आकाराचा फोटो सोबत आहे. पेशंटनं माझ्यावर विश्वास टाकलाय, मी तुमच्यावर टाकतेय.”

“आमच्या तिघांबाहेर जाणार नाही,” मालक म्हणाले. मग दोघींना बोलावून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. चिमणीकडे बघून जरा जास्तच सावकाश सांगितलं, कारण मागे तिनं एका भल्यामोठ्या कवळीचा फोटो गंमत म्हणून बहिणीला पाठवला होता आणि बोलणी खाल्ली होती.

मेणताईनं फोटो हातात घेतला आणि उजेडात धरला. टोकाला तिरका तुटलेला, मुळाशी किंचित फुगीर. हा दात ती झोपेतही ओळखली असती. पुढच्या मोसमासाठी राखणदाराचा सुळा पुन्हा बनतोय, म्हणजे राखणदार पुढच्या मोसमात आहे. म्हणजे दोर. म्हणजे तिचंच खरं.

तिनं त्या दातावर जीव ओतला. मेणात कोरला, पुसला, पुन्हा कोरला. मालक मागे उभे राहून म्हणाले, “ताई, एवढं कुणी बघणारही नाही.” ती नुसती हसली. भट्टीतून, घासणीतून, चिमणीच्या चाकावरून जाऊन तो दात जेव्हा निळ्या प्लास्टरच्या साच्यावर बसला, तेव्हा तो अगदी दगडासारखा गार आणि खोल काळा दिसत होता. चिमणीही क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “कुणाच्या तोंडात जाणार असेल गं हे? बायको घाबरेल त्याची.” तिला मालिकेतलं ओ की ठो माहीत नव्हतं.

मेणताईनं काही दिवस कळ काढली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. पण दुसऱ्या दिवशी दात द्यायचा होता आणि त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं कट्टा उघडला, तर पंडितानं नवीन लांबलचक लेख टाकलेला. राखणदार मेला आहे, हे न पटणारे कसे भाबडे असतात याबद्दल. शेवटी लिहिलेलं, “काही काकवा अजून दोर धरून लोंबकळत आहेत.”

मालक खाली चहाला गेले होते. चिमणी आत चाकाशी. मेणताईनं डाव्या हातात साचा धरला, उजव्या हातानं फोटो काढला आणि लिहिलं, “हा दात मी स्वतः केला आहे. नव्या मोसमासाठी. आता बोला.”

बस्स, एवढंच. एवढ्या शब्दांना किती वेळ लागतो?

दुपारभर टेबलावरचा फोन थरथरत राहिला. काकूची महाराणी झाली. ज्यांनी हसरे चेहरे टाकले होते ते हात जोडू लागले. खुद्द पंडितानं लिहिलं, “मानलं. दरीतली, तुम्ही कोण आहात?” मेणताईनं उत्तर दिलं नाही, पण ते वाक्य तिनं वारंवार वाचलं. तुम्ही कोण आहात? इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. घरी जाताना भाजीवालीशी ती आपणहून दोन वाक्यं बोलली. सासूबाईंना म्हणाली, “आई, राखणदार येणार बघा परत.” सासूबाई म्हणाल्या, “येईना का. दूध तापव.”

दूध तापवताना तिला भान आलं. भांड्यावर दूध चढलं तशी भीती चढत गेली. आपण केलं काय हे? तिनं फोटो काढून टाकला. तोवर तो कट्ट्याबाहेर पडून कुठल्या कुठं गेला होता.

डॉक्टरीणबाई तणतणत आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे आल्या. मालिकावाल्यांनी तो फोटो त्यांना दाखवला होता आणि निळं प्लास्टर या भागात एकच लॅब वापरते हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फोनवरचा तो फोटो तिघांसमोर धरला, दात मागितला, डबीत ठेवला आणि म्हणाल्या, “वेळ नाही म्हणून हा नेतेय. यापुढे माझं काम पाठवणार नाही. दुसरं काही बोलायचं नाहीये मला.” जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत मालक उभेच होते.

मग ते वळले. “तिघांत राहायचं असं म्हणालो होतो मी.”

चिमणीनं चाक बंद केलं. “माझ्याकडे काय बघताय?”

“मागे तो कवळीचा फोटो.”

“तो मी पाठवला होता आणि कबूलही केला होता. हे केलं असतं तर हेही कबूल केलं असतं.”

“मग कुणी केलं? मी? का ताईंनी? ताई तर त्यातल्या नाहीतच.”

त्या ‘नाहीतच’मध्ये सगळी वर्षं होती. पहिल्यांदा मेणाची सुरी हातात दिली ते वर्ष, मालकांची बायको आजारी असताना मेणताईनं एकटीनं लॅब चालवली ते वर्ष. मेणताईच्या तोंडात शब्द आला होता, अगदी ओठांपर्यंत. पण मालकांनी तो ‘नाहीतच’ उच्चारला आणि शब्द मागे फिरला. ती मान खाली घालून दाढ कोरत राहिली.

चिमणी तिच्याकडे बघत होती. “बोल की, ताई.”

“मला काय माहीत?” मेणताई म्हणाली.

नुसती गप्प राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण ती बोलली. सुरी खोबणीतून सरळ आरपार गेली आणि मेणाची दाढ दोन तुकडे होऊन टेबलावर पडली.

चिमणीनं अंगावरचा एप्रन काढला, घडी केला, हात कोपरापर्यंत स्वच्छ धुतले. आपला डबा, आपली पाण्याची बाटली, चाकामागे चिकटवलेला आईचा फोटो एवढं घेतलं. “कामावरून काढायची तसदी घेऊ नका,” मालकांना म्हणाली. “जिथं माझ्या शब्दाला किंमत नाही, तिथं मी चाक फिरवणार नाही.” आणि गेली. जाताना बडबडली नाही, रडली नाही, दारही आपटलं नाही.

त्यानंतर लॅब इतकी शांत झाली, की मेण वितळताना होणारा बारीक आवाज ऐकू यायचा. मालक म्हणायचे, “पोरगी वाईट नव्हती हो. जिभेला हाड नाही, एवढंच.” मेणताई ‘हं’ म्हणायची. दर ‘हं’ला तिला वाटायचं, आता सांगावं. आज नको, आज मालकांचं डोकं दुखतंय. उद्या नको, उद्या शनिवार. चिमणीला काय, कुठंही काम मिळेल, हात चांगला आहे तिचा. डॉक्टरीणबाईंचा राग काय, ओसरेल. मनाला घालायची ही समजूत ती रोज नव्यानं कोरत होती. कट्ट्यावर महाराणी म्हणून मान चालूच होता, पण फोन वाजला की आता तिला दचकायला व्हायचं. तिनं आवाज बंद करून तो पिशवीत तळाशी टाकून दिला.

सासूबाईंच्या लक्षात आलं. सून घरी आली की चिमणीच्या गोष्टी सांगायची, मालिका सोडली तर तेवढंच तिचं बोलणं. “तुझी ती चिवचिव बंद झाली का गं? तिच्या आईचं काय झालं, दुखण्याचं?” मेणताई म्हणाली, “सोडलं तिनं.” “का?” “असंच.” सासूबाईंनी पुढं विचारलं नाही, पण त्या दिवशी भाकरीचा दुसरा तुकडा सुनेनं ताटात तसाच ठेवलेला त्यांनी पाहिला.

नवा मोसम सुरू झाला. मेणताईला बघायचंच नव्हतं. पण रविवारी भांडी झाल्यावर सासूबाई टीव्हीसमोर जाऊन बसल्या आणि शेजारची खुर्ची थोपटून म्हणाल्या, “ये ना, तुझा तो येणार होता ना?”

तो आला. पहिल्याच भागात आला. बर्फात लहान मुलीला खांद्यावर घेऊन धावत होता आणि पोटभर हसत होता, असा तो कधीच हसला नव्हता. सुळा लखलखत होता. मेणताईनं नकळत सासूबाईंचा हात धरला. मग दृश्य विरलं. ती आठवण होती. मुलीची आठवण. मोठी झालेली मुलगी दोराला लोंबकळत दरीच्या तळाशी उतरत होती, धुकं हातानं बाजूला सारत होती. तळाशी हाडं होती. पुष्कळ जणांची. ती एकेक कवटी उचलून बघत होती आणि एका कवटीपाशी ती थांबली. वरच्या डाव्या बाजूला काळा सुळा.

तोच. टोकाला तिरका, मुळाशी फुगीर. मेणताईनं स्वतःच्या हातांनी केलेला. बाप गेल्याची खूण लेकीला पटावी म्हणून केलेला. जो दात दाखवून तिनं तो जिवंत असल्याचं जगाला सांगितलं, त्याच दातावरून तो मेल्याचं ओळखलं गेलं.

“सांगत होते ना मी,” सासूबाई म्हणाल्या, “पडला की...” आणि थांबल्या. “अगं! रडतेस काय? खोटं असतं ते सगळं.”

“ते नाही, आई.”

मग तिनं सांगितलं. दात, फोटो, पंडित, डॉक्टरीणबाई, चिमणी. ‘मला काय माहीत’ हे तिचं वाक्य सांगताना आवाज इतका बारीक झाला, की सासूबाईंना पुन्हा विचारावं लागलं, आणि ते वाक्य तिला दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. तिथं जाहिरात चालू होती. मग म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग? मी कोण त्यातली?”

कट्ट्यावर त्या दिवशी काय चाललं असेल हे न बघताही कळत होतं. तरी तिनं एकदा उघडलं. पंडितानं लिहिलं होतं, “काकूंचा दात काकूंच्याच घशात.” खाली रांग. मेणताईनं ते वाचलं आणि तिला आश्चर्य वाटलं, काहीच लागलं नाही. याच माणसाच्या एका वाक्यासाठी आपण चिमणीला विकलं? तिनं गट सोडला. त्याला बोट लावण्याइतकाही वेळ लागला नाही.

चिमणी आता ढाली, करंडक आणि दारावरच्या पाट्या बनवणाऱ्या दुकानात कामाला होती, हे मेणताईला आधीच कळलं होतं. त्या रस्त्यानं जाणं तिनं टाळलं होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती तिथं गेली. दुकानाच्या मागच्या बाजूला चिमणी तोंडाला फडकं बांधून पितळी कप चाकावर धरून बसली होती. मेणताईला बघून तिनं हातातला कप पूर्ण केला, मगच चाक थांबवलं.

“तो फोटो मी टाकला होता,” मेणताई म्हणाली. वाटेत तिनं खूप वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

“माहितीये मला.”

“सासूबाई भेटल्या का?”

“त्या कशाला भेटतील? डॉक्टरीणबाईंनी फोनवर दाखवला ना, तेव्हाच कळलं. साचा धरलेला अंगठा तुझा. नखावर मेणानं भाजल्याचा तो पांढरा डाग. इतकी वर्षं तुझ्या हातातून माझ्या हातात दात येतायत ताई, मी तुझा अंगठा ओळखणार नाही?”

मेणताईनं अंगठा मुठीत घेतला. “मग तू बोलली का नाहीस?”

“बोलले की. ‘बोल की, ताई’ म्हणाले. कशाला म्हणाले असेन मी ते?”

मेणताईनं आजूबाजूला बघितलं. बसायला जागा नव्हती. सगळीकडे करंडक ठेवलेले, प्रत्येकात तिचाच लांबट वाकडा चेहरा दिसत होता.

“मला वाटलं,” चिमणी म्हणाली, “तू आता बोलशील. मग वाटलं, जिन्यात मागून येशील. मग वाटलं, घरी येशील. आई रोज विचारायची, मेणताई का येत नाही गं. काय सांगणार होते मी तिला?”

“माझं चुकलं, चिमणे.”

“इथं सांगून काय करू मी त्याचं? मालकांसमोर मी खोटी ठरले, इथं नाही.” आणि तिनं दुसरा कप उचलला. चाक सुरू झालं. त्या आवाजात आणखी काही बोलता येण्यासारखं नव्हतं.

मेणताई परत जिना चढली, तेव्हा मालक डबा उघडून बसले होते. तिनं बसण्याआधीच सांगून टाकलं, कारण बसली असती तर राहून गेलं असतं. मालकांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. हात थरथरत असल्यामुळे झाकण नीट बसेना. मेणताई मदतीला पुढं झाली तर त्यांनी डबा बाजूला ओढून घेतला.

“मी तिला तुमच्यासमोर बोललो.”

“हो.”

“आणि तुम्ही दाढ कोरत होतात.”

“हो.”

“एवढंच विचारायचं होतं,” ते म्हणाले. त्यांनी चपला घातल्या आणि कठड्याला धरत, एकेक पायरी उतरत ते चिमणीच्या दुकानात गेले. तिथं काय बोलणं झालं ते मेणताईला नंतर कळलं. मालकांनी हात जोडले. चिमणीनं त्यांचे हात धरून खाली केले, त्यांना पाणी दिलं, पण परत यायला मात्र नाही म्हणाली. “इथं बरं आहे. नुसती बक्षिसं चमकवायची. कुणाच्या तोंडी लागायचं काम नाही.”

डॉक्टरीणबाईंना मेणताईनं स्वतः जाऊन सांगितलं. त्या पेशंट बघत होत्या, तिला बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ‘बरं’ म्हणाल्या. पुढं पुष्कळ दिवसांनी त्यांचं काम पुन्हा यायला लागलं, पण साधं. नाव लिहिलेलं, कुणाच्याही तोंडात बसणारं.

मालकांनी तिला काढलं नाही. ती स्वतः सोडते म्हणाली, तर म्हणाले, “काम कोण करणार? माझे हात बघितलेत ना?” ‘ताई’ही म्हणत राहिले. पण नवीन पॉलिशवाला ठेवला तेव्हा त्याला नियम समजावताना, “इथली गोष्ट इथंच राहायला हवी,” हे वाक्य म्हणेपर्यंत त्यांची नजर त्या नव्या माणसावर होती आणि ते वाक्य म्हणताना ती मेणताईवर आली, क्षणभर थांबली आणि निघून गेली. त्यांनी मुद्दाम केलं नसावं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. मान वर करून काम करायची तिची सवय त्या दिवसापासून मोडली.

चिमणीच्या दुकानासमोरून ती आता जायची, पण पलीकडच्या बाजूनं. एकदोनदा नजरानजर झाली. एकदा चिमणीनं मान हलवल्यासारखं वाटलं, पण ती चाकावर वाकतानाही तशीच मान हलवायची.

मग एके सकाळी, मेणताई नुकतीच दिवा पेटवून मेण तापवत होती, तेव्हा दारात चिमणी उभी. लगेच आत आली नाही. हातात रुमालात गुंडाळलेली डबी. मालकांना नमस्कार करून ती थेट खिडकीपाशी आली आणि डबी टेबलावर ठेवली. आत तिच्या आईची कवळी, मधोमध तडकलेली.

“हातातून पडली तिच्या,” चिमणी म्हणाली. “जेवता येत नाहीये.”

मेणताईनं कवळी उचलून उजेडात धरली. तडा लांब होता. “उद्या देते.”

“आज नाही का होणार?”

“होईल. संध्याकाळी ये.”

“येते,” चिमणी म्हणाली आणि गेली. आईनं कवळी कशी पाडली, कुठं पाडली, शेजारीण तेव्हा काय म्हणाली, यातलं काहीच तिनं सांगितलं नाही. मेणताई वाट बघत होती सांगेल म्हणून. जिन्यावरचा आवाज थांबल्यावर तिनं दिव्याची वात मोठी केली आणि हातातली बाकीची कामं बाजूला सारली.